लिफ्टबाईचा एक खाडा

एक विचारते, खरं सांगा. रोज दुपारी बारा वाजता तुमच्या फोनवर चार चौकटींचं एक चित्र येतं. तुम्ही ते बघता, फिस्कन हसता आणि अंगठ्यानं वर ढकलून देता. ते कुणी काढलं, कुठं बसून काढलं, काढताना तिच्या पाठीला रग लागली होती का, हे तुमच्या मनात एकदा तरी आलंय?

नाही ना? माझ्याही नव्हतं आलं. मी तर जन्मभर दुसऱ्यांच्या कामाच्या तासांवरून भांडत आले, साहेबलोकांच्या टेबलावर हात आपटत आले. आणि जिच्या शेजारी उभी राहून मी आठवड्यातून दोनदा चौथ्या मजल्यावर जायचे, ती बाई बसल्या जागी काय करते हे मला तीन वर्षं दिसलं नाही. तेव्हा तुम्हाला एकट्यांना बोल लावत नाही.

ही बाई परवान्यांच्या ऑफिसात लिफ्ट चालवते. नाव सगळ्यांना माहीत आहे, पण घेत कुणी नाही. साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला लिफ्टबाई म्हणतात. ती मला मोर्चेवाली म्हणते. फिटंफाट.

इमारत पाच मजल्यांची, लिफ्ट जुनी, जाळीच्या दरवाजाची. दरवाजा हातानं ओढून लावायचा आणि शेवटच्या दोन बोटांवर तो हमखास अडतो. तिथं खांद्यानं एक खास धक्का द्यावा लागतो, तेव्हा कुठं लिफ्ट हलते. तो धक्का एकोणीस वर्षांत तिच्याशिवाय कुणाला जमलेला नाही. बटणं दाबायला माणूस कशाला हवा, असं दर दोन वर्षांनी कुठल्यातरी नव्या साहेबाच्या डोक्यात येतं. मग साहेब एकदा स्वतः दरवाजा लावायला जातो, शर्टाला ग्रीस माखून घेतो आणि विषय मिटतो.

आत एक गोल, तीन पायांचं स्टूल. स्टुलावर ही. हिच्या बरोबर डोक्यावर छताला एक छोटा पंखा, वारा कमी आणि कुरकुर जास्त. मांडीवर एक जाड वही. मला वाटायचं, आल्यागेल्याची नोंद करत असेल.

दोन वर्षांपूर्वी लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे अडकली. आत आम्ही दोघीच. माझ्या हातात फेरीवाल्यांचे सदतीस अर्ज आणि डोक्यात साहेबाला काय काय ऐकवायचं त्याची उजळणी. मी लगेच जाळी बडवायला लागले. आणि ही? हिनं घड्याळ बघितलं. अकरा वीस. वही उघडली, पेनचं टोपण दातात धरलं.

"अगं, लिफ्ट अडकलीय!"

"कळलं की. मेकॅनिक यायला तास जाईल."

"मग तू लिहीत काय बसलीस?"

"लिहीत नाही. जरा गप्प राहा, पंख्याचं पातं वाकडं होतं."

मी तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं. पानावर चार चौकटी. प्रत्येक चौकट म्हणजे लिफ्ट. खाली स्टूल, वर पंखा, आणि दोघं एकमेकांशी बोलत होते. स्टुलाला दिसतात फक्त लोकांचे गुडघे आणि चपला-बूट. पंख्याला दिसतात फक्त टकलं आणि भांग. चेहरा दोघांनीही जन्मात बघितलेला नाही, एकमेकांचाही नाही. त्या दिवशीच्या चित्रात पंखा म्हणत होता, "चौथ्या मजल्याचे साहेब आले. केस काळे झालेत." खालून स्टूल म्हणत होतं, "बुटांना पॉलिश आहे. म्हणजे आज त्यांचेही साहेब येणार."

मी अडकलेल्या लिफ्टमधे खदाखदा हसले. राग गेला म्हणून स्वतःवरच चिडले.

पावणेबारा वाजले आणि तोवर थंड असलेली ही बाई एकदम बदलली. लिफ्टमधे फोनला रेंज नव्हती. वहीतल्या पानाचा फोटो काढून झाला होता, पण तो जाईना. तिनं स्टूल ओढलं, त्यावर चढली. "मोर्चेवाली, मला कमरेला धर. घट्ट." तिसऱ्या मजल्याची फरशी आमच्या डोक्यावर होती, वर वीतभर फट. तिनं जाळीतून हात घालून फोन त्या फटीत धरला. वरून एक चप्पल फोनला चाटून गेली. चपलेचा मालक ओरडला, "कोण आहे खाली?" ही खालून ओरडली, "फोनवर पाय देऊ नका, बाकी काही नाही!"

"गेलं का?" मी विचारलं. माझे दंड भरून आले होते.

"फिरतंय... फिरतंय..."

अकरा सत्तावन्नला ती म्हणाली, "गेलं." खाली उतरली, स्टुलावर बसली, बाटलीतलं पाणी प्यायली. मग मला म्हणाली, "हं. आता बडव जाळी."

त्या दिवशी मला 'बिनखाडा'बद्दल कळलं.

नेटवर रोजची चित्रं टाकणारे एक्केचाळीस जण होते, वेगवेगळ्या गावांतले, बहुतेक एकमेकांना कधीही न भेटलेले. त्यांनी आपापसात एक शर्यत लावली. सोमवार ते शुक्रवार, रोज दुपारी बाराच्या आत नवं चित्र आपल्या पानावर आलंच पाहिजे. एक खाडा झाला की तो माणूस बाद. सणवार नाही, आजारपण नाही, लग्न नाही, मरण नाही. शेवटी जो उरेल त्याच्या चित्रांचं पुस्तक एक छोटा प्रकाशक छापणार, आणि बाद झालेल्या प्रत्येकानं त्या पुस्तकात एकेक पान काढून द्यायचं. पंच म्हणून एक निवृत्त ग्रंथपाल बसले. त्यांचा दंडक एकच, 'सबब ऐकली जाणार नाही.'

एक जण पहिल्याच महिन्यात स्वतःच्या लग्नात गेला. म्हणजे लग्न झालं, शर्यतीतून गेला. एकीच्या गल्लीतली वीज गेली. एकाचं चित्र बारा वाजून एक मिनिटानं चढलं. तो अजून म्हणतो की त्याचं घड्याळ बरोबर होतं. आणखी एक रीत त्यांनी पाडली होती. बारानंतर प्रत्येकानं दुसऱ्याच्या चित्राखाली एक शब्द लिहायचा: 'हजर'. सुरुवातीला प्रत्येक चित्राखाली चाळीस हजर पडायचे. मग तीस. मग अकरा. लिफ्ट अडकली त्या दिवशी चार उरले होते.

मी ऐकलं आणि माझं टाळकं सटकलं. "मालक कोण याचा? मला नाव दे. उद्या त्याच्या दारात बसते."

"मालक नाही कुणी."

"मग हे राबवतंय कोण तुम्हाला?"

"आम्हीच."

"म्हणजे घोषणा द्यायच्या कुणाविरुद्ध?"

"माझ्या पाठीविरुद्ध दे," ती म्हणाली. "तीच जास्त कुरकुरते."

तिचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अक्षर कितीही मोठं असो, रेष एका दमात ओढायची, ही त्यांची शिकवण. दहावीनंतर शाळा सुटली, पण रेष राहिली. तरी तिची चित्रं बघितलीत तर प्रत्येक पट्टीत कुठंतरी रेषेला एक हिसका दिसेल. नेटवर कुणा जाणकारानं लिहिलं होतं की या थरथरत्या रेषेत आजच्या माणसाची अस्वस्थता आहे. ती वाचून पोट धरून हसली. तो तिसऱ्या मजल्याचा झटका आहे. तिथं लिफ्ट रोज उचकी देते.

आणि शर्यतीत ती उतरली कशाला, तर एका साहेबाच्या बोलण्यापायी. लिफ्टमधून जाता जाता तो म्हणाला होता, "तुझं बरं आहे बाई, नुसतं बसायचं." तिनं त्याला त्याच्या मजल्यावर सोडलं. त्याच आठवड्यात शर्यतीची हाक वाचली, 'कुणात किती दम आहे?' आणि हिनं नाव घातलं. बसून राहण्यालाही दम लागतो, हे तिला कुणाला तरी दाखवायचं होतं. मस्टरवर तिचा नोकरीला लागल्यापासून बिनपरवानगी खाडा नाही, हे त्या साहेबाला कुठं माहीत होतं.

घरी ती आणि आई. आई एका शब्दाची माणूस. लेकीची चित्रं नऊशे लोक रोज बघतात हे तिला कळलं तेव्हा म्हणाली, "फोनवरचं मी बघत नाही. छापून आलं की बघीन." डोळ्यांत मोतीबिंदू होता, म्हणून आम्ही समजून घेतलं. यंदा जानेवारीत ऑपरेशन झालं, भिंतीवरच्या कॅलेंडरची बारीक अक्षरं पलंगावरून वाचायला लागली, तरी तेच. "छापून आलं की बघीन." म्हणजे पुस्तक आलं तरच. आणि पुस्तक कुणाचं येणार, तर जो शेवटी उरेल त्याचं. लिफ्टबाईनं हे कधी बोलून दाखवलं नाही, पण ती पाच वर्षं कशासाठी कुठं गेली नाही, हे मला ठाऊक आहे. मावशीकडे नाही, मैत्रिणीकडे नाही, रेंज नसेल अशा कुठल्याच जागी नाही.

वडील गेले ते शर्यतीच्या तिसऱ्या वर्षी. मंगळवार होता. तिनं हॉस्पिटलच्या बाकावर बसून चित्र काढलं आणि बाराला दहा कमी असताना पाठवलं. चारही चौकटींत स्टूल आणि पंखा. कुणी चढलं नाही, कुणी उतरलं नाही, दोघं काही बोलले नाहीत. खाली लोकांनी लिहिलं, 'आज मजा नाही आली.' 'संपले वाटतं विनोद.' मी हे नंतर वाचलं. त्यातल्या एकेकाचा पत्ता मागत होते मी. तिनं दिला नाही, म्हणाली, "त्यांना काय माहीत?" त्या सगळ्यांच्या खाली शर्यतीत उरलेल्यांचे 'हजर' होते. त्यातला पहिला काटेवाल्याचा.

काटेवाला म्हणजे दुसऱ्या एका गावात ट्रकच्या वजनकाट्यावर बसणारा कारकून. तो एका मुंगीची चित्रं काढतो. मुंगी काट्यावर बसून सगळ्या गोष्टींची वजनं करते, आश्वासनांची, जांभयांची, साहेबाच्या शिट्टीची. गेल्या वर्षभरात शर्यतीत उरले होते फक्त हे दोघं, लिफ्टबाई आणि काटेवाला. पाच वर्षांत एकदाही बोलणं नाही, फोन नाही. रोज बारानंतर ही त्याच्या मुंगीखाली 'हजर' लिहायची, तो हिच्या स्टुलाखाली. बस.

या ऑगस्टमधे एका शुक्रवारी मी सुनावणीसाठी गेले. लिफ्टमधे शिरले तर ही खांद्याचा धक्का द्यायलाच विसरली. लिफ्ट जागची हलेना. मागून एक कारकून म्हणाला, "बाई, आज तुम्हालाही परवाना लागतो का?" तिनं धक्का दिला, सगळ्यांना मजल्यामजल्यावर सोडलं आणि मला म्हणाली, "एक वाजता गच्चीच्या जिन्यात ये."

एक ते दीड लिफ्ट बंद असते. गच्चीच्या जिन्यात आम्ही डबे उघडले. तिनं डब्याला हात लावला नाही.

"मी हरलेय," ती म्हणाली.

"कधी? आजचं चित्र तर मी बघितलं."

"जानेवारीत."

मला वाटलं हिला ताप आलाय. मग तिनं सांगितलं, आणि मी घास हातात धरूनच बसले.

बुधवारी तिला एक गंमत सुचली होती, दोन पायांत दोन रंगांचे मोजे घातलेल्या माणसाची. ही आपण आधी वापरली तर नाही ना, हे बघायला ती जुनी चित्रं चाळत मागं गेली. गेल्या वर्षीच्या जानेवारीत पोचली. तिथं शुक्रवारी नऊशे बाविसावं चित्र, सोमवारी नऊशे तेविसावं. दर चित्राच्या कोपऱ्यात ती आकडा घालते. आणि या दोघांच्या मधे एक चित्र, रविवारचं. रविवारी ती कधीच चित्र टाकत नाही. कोपऱ्यात आकडा होता अकराशे त्र्याऐंशी.

झालं होतं असं. यंदा जानेवारीत आईच्या डोळ्याचं ऑपरेशन. त्या आठवड्याची पाचही चित्रं तिनं आधीच काढून ठेवली आणि दवाखान्याच्या बाकावर बसून फोनवर एकेकाची तारीख घातली. त्या त्या दिवशी आपोआप चढतील अशी सोय असते. वर्ष नुकतं बदललेलं. आत आईला भूल देत होते. सोमवारच्या चित्राला तिनं तारीख बरोबर घातली, महिना बरोबर घातला आणि वर्ष घातलं जुनं. चेकवर आपण जानेवारीत घालतो ना, तसंच. चित्र गेलं, पण एक वर्ष मागं जाऊन बसलं. यंदाचा तो सोमवार रिकामा राहिला.

"आणि कुणाला कळलं नाही?" मी विचारलं.

"पंच फक्त शुक्रवारी बघतात. शेवटचा आकडा बरोबर आला की आठवडा भरला. आकडे बरोबरच होते."

"लोकांनी विचारलं असेल की."

"विचारलं होतं. 'आज कुठंय?', 'अजून नाही आलं?' पण ते तर रोज बारा वाजून तीन मिनिटांनी विचारतात. चित्र समोर असलं तरी विचारतात. मी वाचणं कधीच सोडलंय."

म्हणजे सात महिने ही बाई बाद होऊन धावत होती. दीडशेहून जास्त चित्रं. मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगते, लपवत नाही. मला वाटलं, दाबून टाकावं.

"तारीख बदलता येते का?"

"एक टिचकी. पान माझंच आहे. रविवारचं चित्र गुपचूप सोमवारी येऊन बसेल."

"मग मार टिचकी!"

"मस्टरवर मागाहून सही केल्यासारखं होतं ते."

"साहेबलोक करतात की!"

"म्हणून तर," ती म्हणाली.

"आईला काय दाखवशील मग?" मी बोलून गेले. लागेल असंच बोलले. तिनं माझ्याकडे बघितलं आणि फोन पायरीवर ठेवला. तीन दिवस ती त्याच एका टिचकीशी येऊन थांबत होती, हे मला तेव्हा कळलं. मारवतही नव्हती आणि मारायची नाही असंही ठरत नव्हतं.

मी फोन उचलला. "तुझ्यानं होत नसेल तर मी मारते." आणि टिचकी कुठं मारायची ते शोधत मी ते रविवारचं चित्र खाली सरकवलं.

खाली एक शब्द होता. 'हजर'. काटेवाला. तारीख यंदाच्या जानेवारीची, सोमवार, दुपारी बारा चाळीस.

मी फोन तिच्या पुढ्यात धरला. तिनं तारीख दोनदा वाचली. तीन दिवसांत तिनं ते चित्र दहादा उघडलं असेल, पण भीतीनं आकड्याच्या खाली कधी गेलीच नव्हती. काटेवाल्यानं त्या दुपारी हिचं चित्र जागेवर बघितलं नाही. मग चाळीस मिनिटं शोधलं. एक वर्ष मागं जाऊन शोधून काढलं आणि तिथं, जिथं कुणीच बघणार नव्हतं, हजेरी लावून आला.

"याला माहीत होतं," ती म्हणाली. मग आवाज चढला. "याला माहीत होतं! सात महिने हा माझ्यावर दया करतोय? मी काय याच्या काट्यावर धर्मानं उभी आहे?"

पंचांकडे सगळ्यांचे नंबर होते. तिनं मागवला आणि तिथंच, जिन्यात, लावला. आवाज मोठा केला, मलाही ऐकू यावा म्हणून. पलीकडे ट्रक घरघरत होता.

"कोण?"

"लिफ्टबाई."

ट्रक गेला.

"बघितलंस वाटतं शेवटी," काटेवाला म्हणाला. वयानं साठीचा असावा. आवाज घोगरा, बोलणं सावकाश.

"तुम्ही पंचांना का नाही सांगितलं? मी बाद झाले असते, तुम्ही जिंकला असता. मला दया नकोय कुणाची."

"दया कसली, बाई. तू गेली असतीस तर मी एकटा राहिलो असतो. मग रोज बाराला हजर कुणापुढं म्हणायचं? भिंतीपुढं?"

तिनं उघड्या डब्याचं झाकण लावून टाकलं.

"तुझे वडील गेले तेव्हाचं चित्र मी बघितलं होतं," तो पुढं म्हणाला. "मला कुणी सांगितलं नव्हतं. पण तुझे पाट्यावाले वडील, रंगाच्या डागांच्या चपला घालून, तुझ्या चित्रातल्या लिफ्टमधे अधूनमधून यायचे, ते त्या दिवसापासून बंद झाले. म्हटलं, ही बाई त्या दिवशी आली, तर मी एका चुकलेल्या तारखेवर हिला कशी घालवू?"

"मग सांगायचं तरी मला."

"रोज वाटायचं. पण सांगितलं तर तू थांबली असतीस. मला ओळखत नसशील, मी तुला ओळखतो."

"आणि मी बघितलंच नसतं तर?"

"तर अजून पाच वर्षं," काटेवाला म्हणाला. "मनगटाला पट्टा बांधून काढतोय मी, माहितेय? डॉक्टर म्हणतो सोडा. मी म्हणतो, समोरची सोडत नाही."

"मी म्हणते, समोरचा सोडत नाही!"

आणि दोघं हसायला लागले. जिन्यात तिचं हसणं पाच मजले खाली घुमत गेलं. खालून कुणीतरी ओरडलं, "बाई, दीड वाजला, लिफ्ट!" तिनं वरूनच उत्तर दिलं, "पायी चढा आज! पाय आहेत ना!" एकोणीस वर्षांत ती असं पहिल्यांदा बोलली असेल. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

"मी पंचांना कळवते," ती फोनवर म्हणाली.

"कळव. बरं वाटेल," तो म्हणाला. "दोघांनाही."

तिनं त्याच पायरीवर बसून पंचांना चार ओळी लिहिल्या. सबब घातली नाही. तारीख, आकडा, आणि 'माझा खाडा झालेला आहे'. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं. पंच नियमाचे पक्के. स्पर्धा जानेवारीतच संपली, काटेवाला विजयी, पुस्तक त्याचं. शुक्रवारचा आकडा बघून समाधान मानलं, ही चूक माझी, असंही लिहिलं होतं. मग एक ओळ सोडून, 'गेली पाच वर्षं मी दर शुक्रवारी घरीच आहे. आता मुलीकडे जाऊन येईन म्हणतो. आपल्या दोघांचे आभार.'

तिघांच्या डोक्यावरचं ओझं एका टिचकीनं उतरलं, आणि ती टिचकी तारखेवर पडली नाही, याचा मला आता आनंद आहे. तेव्हा मी तीच मारायला निघाले होते. ते माझ्या नावावर राहू दे.

सोमवारी मी मुद्दाम अकरा वाजता गेले. वही मांडीवर होती, मिटलेली. ती लोकांकडे बघत होती. "हे साहेब बघ," माझ्या कानात म्हणाली, "यांना मिश्या आहेत! पाच वर्षं मी यांचे नुसते बूट काढतेय." बारा वाजले. बारा वाजून गेले. काहीच झालं नाही. तिनं पंख्याकडे बघितलं, मान दोन्हीकडे मोडली आणि म्हणाली, "कितवा मजला, मोर्चेवाली?"

त्याच आठवड्यात तिनं रीतसर रजा टाकली आणि आईला घेऊन मावशीकडे चार दिवस राहून आली. तिथं रेंज नाही. आल्यावर सांगत होती की दुपारी जेवून सरळ झोपायची, आणि कुणी उठवायचं नाही.

काटेवाल्याचं पुस्तक डिसेंबरात आलं. मुंगीचं, जाडजूड. शेवटी बाद झालेल्या चाळीस जणांची चाळीस पानं, नियमाप्रमाणे. त्यातलं शेवटचं पान लिफ्टबाईचं. मी पुस्तक घेऊन तिच्या घरी गेले, कारण आई कशी बघते ते मला बघायचं होतं. तीही स्टुलावर बसल्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसली होती.

आईनं चष्मा पुसला, घातला, पान उघडलं. चार चौकटी. पहिल्या तिन्हींत लिफ्टबाई स्टुलावर बसलेली, पाठमोरी. पाच वर्षांत तिनं स्वतःला कधी चित्रात आणलं नव्हतं, आणि आता आपल्याला कळतं की स्टूल आणि पंखा एवढी वर्षं एकमेकांना दिसत का नव्हते. मधे ही होती. चौथ्या चौकटीत ती नाही. रिकामं स्टूल वर बघतंय, पंखा खाली बघतोय. "अच्छा," पंखा म्हणतो, "तू असं दिसतंस होय." आणि स्टूल म्हणतं, "तुझं एक पातं वाकडं आहे."

आईनं पान उजेडाकडे धरलं. बोट फिरवून रेष तपासली, नवऱ्याच्या पाटीवर फिरवायची तसं.

"एकच पान?"

"एकच, आई."

"पुरे आहे." मग चौथ्या चौकटीवर बोट ठेवलं. "यात माणूस कुठंय?"

"उठून गेलं."

"कुठं?"

"घरी."

आईनं पुस्तक मिटलं नाही. उशाशी उघडंच ठेवलं. "हिसका कशाला मारलास इथं," एवढंच म्हणाली. लिफ्टबाई माझ्याकडे बघून हसली. तिसरा मजला.

आता ती चित्रं काढते, पण मनात येईल तेव्हा. कधी आठवड्यात तीन, कधी महिनाभर काहीच नाही. काटेवाल्याचंही तेच. त्याचं मनगट सुधारतंय. कधीमधी तो फोन करतो आणि दोघं चित्रांबद्दल सोडून बाकी सगळं बोलतात.

एवढी गोष्ट सांगितली ती एका कामासाठी. तिच्या पानावर तुम्ही जाल, मला माहीत आहे. गेलात आणि नवं काही दिसलं नाही, तर 'पुढचं कधी?' असं लिहू नका. 'संपलं का?' लिहू नका. बारा वाजून तीन मिनिटांनी तर अजिबात लिहू नका. जुनी तेराशे चित्रं आहेत, ती बघा. आणि हात शिवशिवलेच, तर एकच शब्द लिहा: हजर. तो ती वाचते.